‘ओरिजिनल’ स्पीकरचा हट्ट कुठवर?

संपादक महोदय,
स. न.

जुन्या हाय-फाय स्पीकरांचा विषय निघाला की पेटीच्या लाकडाचं आणि पॉलिशचंच कौतुक होतं. संग्राहकाचा जीव मात्र आतल्या कोनमध्ये, म्हणजे पुढेमागे हलून आवाज काढणाऱ्या शंकूत, अडकलेला असतो. अमेरिकी संशोधक एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ हा स्पीकर काढला. त्यात बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं राबवून लहान खोक्यातून खोल खर्ज काढला होता. बीबीसीचा एलएस३/५ए हा छोटा स्पीकर बाह्य प्रक्षेपणाच्या (स्टुडिओबाहेरून कार्यक्रम पाठवण्याच्या) गाडीत मावावा म्हणून घडला. खर्ज बेताचाच, पण माणसाचा बोलण्याचा आवाज इतका खरा, की त्यासाठी लोक आजही तो शोधत असतात.

अडचण येते कोनला चौकटीशी जोडणाऱ्या फोमच्या कडेची. पॉलियुरेथेन फोम हवेतल्या दमटपणाने १५-२० वर्षांत सडतो, बोट लावलं की काळा चिकट भुगा हाताला येतो. जोडी न वाजवता माळ्यावर ठेवली तरी हे टळत नाही. अशी सडलेली कड ‘ओरिजिनल’ म्हणून जपणं हा निव्वळ हट्ट आहे. कोनचा आधार सुटतो, व्हॉइस कॉइल (कोनला हलवणारं तारेचं वेटोळं) घासायला लागते आणि कॉइल जळाली की मूळ म्हणावं असं काही उरतच नाही.

कड बदलणं अवघड नाही, घाई मात्र नको. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून हळूहळू खरवडावा. नवी कड आधी कोनला चिकटवावी आणि ती वाळल्यावरच चौकटीला. चौकटीचा गोंद ओला असताना २० ते ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू आवाजात सोडावा. खरखर आली तर कॉइल मधोमध नाही, कोन किंचित सरकवावा. मग २४ तास हात लावू नये. कापडी कडेच्या स्पीकरला (जेबीएल कंपनीच्या एल१०० चा वूफर, म्हणजे खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर, उदाहरणार्थ) यातलं काहीच लागत नाही, तिथे फोम लावणारा कारागीर नुकसानच करतो.

क्रॉसओव्हरमधले (खर्ज आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमधले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मोजून पाहावेत. छापील मूल्यापासून १० टक्क्यांहून जास्त सरकले असतील तर दोन्ही पेट्यांतले एकदमच बदलावेत. त्यांच्या जागी प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचा फिल्म कपॅसिटर घातला तर त्याचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा लहान स्पीकर) चढा वाजतो आणि स्पीकरचा स्वभावच पालटतो. अर्ध्या ओहमच्या आसपासचा रोधक ओळीत जोडला की आवाज पुष्कळसा जागेवर येतो. काढलेले कपॅसिटर फेकू नयेत, पिशवीत घालून पेटीतच ठेवावेत.

१.५ व्होल्टच्या सेलने ध्रुवता, म्हणजे धन-ऋण टोकं, तपासताना एक गंमत होते. जुन्या जेबीएलमध्ये लाल टोकाला धन जोडलं की कोन आत जातो. तारा उलट्या लागल्यात असं समजून त्या बदलू नयेत.

विकणाऱ्यांनी नुसतं ‘ओरिजिनल’ न लिहिता कड कधी बदलली, कपॅसिटर कोणते आहेत आणि कॉइलचा रोध किती येतो, एवढं तरी जाहिरातीत द्यावं. ८ ओहमच्या वूफरला मल्टिमीटर साधारण ५.५ ते ७ दाखवतो.

आपला,
एक वाचक