बाबांचा अंगठा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, काल तुम्ही फोनवर म्हणालात, "सूज उतरली, गोळ्या बंद केल्या." इतके खूश होतात की तेव्हा वाद घातला नाही. पण प्रयोगशाळेत माझा सगळा दिवस याच दाहाच्या मागे जातो, त्यामुळे गप्प राहणंही जमेना.

तुमच्या अंगठ्यात जंतू नव्हते, आणि आईला वाटतं तसा तो गार फरशीचा वातही नव्हता. हा गाऊट. रक्तातलं यूरिक अॅसिड दर डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं, की त्याचे टोकदार स्फटिक होऊ लागतात. थंड भागात ते लवकर होतात, म्हणून बहुतेकदा पायाचा अंगठाच सापडतो. हे स्फटिक वर्षानुवर्षं तिथे मुकाट पडून राहू शकतात. ठणका सुरू होतो तो आपल्याच पेशींनी त्यांची दखल घेतली की.

या पेशी म्हणजे मॅक्रोफेज, जन्मजात प्रतिकारशक्तीतल्या. त्या एका इशाऱ्यावर पेटत नाहीत, आणि मला त्यांचं हेच आवडतं. पृष्ठभागावरच्या, धोका ओळखणाऱ्या टोल रिसेप्टरना काही खटकलं, की एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन तयार करायला लावतं, पण कच्च्या रूपात. त्याने काही दुखत नाही. आई, तू वड्यांची डाळ रात्री भिजत घालतेस, वाटायची मात्र पाहुणे नक्की झाल्यावर, तसं. दुसरा इशारा मिळतो पेशीने स्फटिक गिळल्यावर. एनएलआरपी३ नावाचं प्रथिन इतर प्रथिनं गोळा करून इन्फ्लमासोम उभा करतं. त्यात कॅस्पेज-१ हे विकर जागं होतं आणि कच्चं इंटरल्युकिन कापून पक्कं करतं. तेच गॅसडर्मिन-डी हे प्रथिनही कापतं. त्याचे तुकडे पेशीच्या आवरणाला भोकं पाडतात आणि सगळा ऐवज बाहेर पडतो. मग रक्तवाहिन्या सैलावतात, न्यूट्रोफिल पेशींची झुंड येते, आणि बाबांना अंगावरची चादरही सहन होत नाही.

गाऊट हिपोक्रेटिसच्या काळापासून माहीत आहे. पण स्फटिक आणि एनएलआरपी३ यांचा संबंध दाखवला स्वित्झर्लंडमधल्या युर्ग चॉप यांच्या गटाने, तोही २००६ मध्ये. नेमकं बारशाच्या मटणानंतरच का दुखलं, याचाही थोडा अंदाज आहे. जड जेवणानंतर वाढणारी फॅटी अॅसिड्स पहिला इशारा देऊ शकतात, असं प्रयोगांत दिसलंय.

आता मुद्द्याचं. एनएफ-कॅपा-बी स्वतःला रोखणारं प्रथिनही स्वतःच बनवायला लावतं. मेलेले न्यूट्रोफिलसुद्धा दाहाचे निरोप पोचवणारी प्रथिनं मोडून टाकतात. त्यामुळे औषध घेतलं नाही तरी हा झटका आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. शेजारच्या काकांचा लेप त्यामुळेच गुणकारी ठरतो! पण स्फटिक जागेवरच असतात. यूरिक अॅसिड कमी करून ते विरघळू देते ती अॅलोप्युरिनॉल, जी तुम्ही बंद केलीत. डॉक्टरांना विचारून ती पुन्हा सुरू करा. यूरिक अॅसिड सहाच्या खाली टिकवायचंय, आणि त्याला महिने लागतात. सुरुवातीला स्फटिक ढिले होताना पुन्हा ठणका येऊ शकतो, म्हणून तर सोबत दाह रोखणाऱ्या कोल्चिसिनची छोटी मात्रा दिली होती. अंगावर पुरळ उठलं तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात जा.

कोल्चिसिन आपल्या कळलावीच्या कंदातही असतं. हे वाचून काकांना कल्पना सुचेल, म्हणून आधीच सांगते: तो कंद जीवघेणा विषारी आहे. गोळीसुद्धा मोजूनच घ्यायची, आणि मूत्रपिंडं कमजोर असतील तर मात्रा बदलते. मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या बीपीच्या माणसाने मनाने घेऊ नयेत. त्या मूत्रपिंडांनाही सोसत नाहीत.

आई, डाळ आणि पालक बंद करू नकोस. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांचं १२ वर्षं निरीक्षण केलं, त्यात भाज्यांमधल्या प्युरिनने (ज्यापासून शरीरात यूरिक अॅसिड बनतं) गाऊटचा धोका वाढलेला दिसला नाही. मटण, मासे आणि बिअरने वाढला. मटण आणि कोळंबी कमी कर. बिअरचं बाबांशी मी वेगळं बोलेन.

मागच्या तपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा व्हॉट्सॅपवर पाठव, त्यावरून मूत्रपिंडांचं कळतं. रविवारी फोन करते, तोवर काकांना अंगठ्याला हात लावू देऊ नकोस.

तुमची,
मनू