बाळंतिणीजवळ बसायला माणूस द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो. आमच्या केज तालुक्यात दवाखान्याच्या भिंतींवर फलक लागतात, आशाताईंची फेरी निघते, भाषणं होतात. ते व्हावंच. पण उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून मी 31 वर्षं काढली, आणि नव्या आईची नड कुठं असते ते जवळून पाहिलं. पहिले तीन दिवस तिच्या खाटेशी कुणीतरी जाणतं बाईमाणूस निवांत बसायला लागतं. तेच मिळत नाही.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं सिझर झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात गेले, तर लेकरू वहिनीच्या मांडीवर आणि खिडकीत पावडरीचा डबा, वाटी-चमचा. "वन्सं, दूधच यीना झालंय तिला," वहिनी म्हणाली. पोरगी भिंतीकडं तोंड करून पडलेली. "आत्या, मला जमंना," एवढंच बोलली आणि रडायला लागली.

टाके दुखत होते म्हणून तिला कुशीवर वळवलं, पाठीला जुन्या लुगड्याची गुंडाळी लावली. लेकराचं झबलं काढलं, नुसत्या लंगोटावर तिच्या उघड्या छातीशी ठेवलं आणि वरून चादर टाकली. पाव तास आम्ही काहीच केलं नाही. मग लेकरू आपणहून तोंड फिरवून शोधायला लागलं. जांभई दिल्यासारखा मोठा आ केला तेव्हा त्याला जवळ ओढायला सांगितलं, हनुवटी छातीला टेकली पाहिजे, बोंडशीभोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. तोवर ती नुसती बोंडशीच देत होती, म्हणून चिरा पडल्या होत्या. थोड्या वेळानं गिळल्याचा आवाज आला. भाचीनं माझा हात धरला तो अर्धा तास सोडला नाही.

वहिनीला तो पिवळा चीक पाहून धीर येईना. "एवढ्याशानं काय हुतंय?" पण तेवढ्यानं भागतं. पहिल्या दिवशी लेकराचं पोटच इवलंसं असतं, एका वेळी चमचाभर चीक त्याला पुरतो. पान्हा भरून यायला दोन-तीन दिवस लागतात, सिझर झालेल्या बाईला कधी त्याहून थोडे जास्त. दूध होतं ते ओढल्यानं. रात्रीचं पाजणं तर चुकवूच नये. गरज नसताना वाटीनं पावडर दिली, की लेकरू तेवढ्या वेळा ओढत नाही आणि दूध खरोखरच मागं पडतं. मग सगळे म्हणतात, हिला दूधच नव्हतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा वेळा लघवी झाली आणि वजन वाढायला लागलं, की दूध पुरतंय.

त्या दवाखान्यातल्या सिस्टरला मी बोल लावणार नाही. अख्ख्या मजल्याला ती एकटी होती. इंजेक्शनं, सलाईन, ड्रेसिंग, कागदपत्रं. एका बाळंतिणीजवळ तास घालवायचा तर बाकीच्यांनी काय करायचं? दूधपावडरीच्या जाहिरातीला आणि फुकट डबे वाटायला आपल्याकडं 1992 च्या कायद्यानं बंदी आहे. तरी डबा लगेच हाताशी येतो आणि बाई येत नाही, ही खंत आहे.

एप्रिल-मेच्या उन्हात म्हाताऱ्या माणसांचा जीव राहत नाही, लेकराला पाणी पाजतात. आईच्या दुधात पाण्याचाच भाग सगळ्यात मोठा असतो, सहा महिने वरून थेंब लागत नाही. हे ओरडून सांगितलं तर पटत नाही. शेजारी बसून, लेकराचा लंगोट दाखवून सांगितलं की पटतं.

ऊसतोडीच्या बायांचं दुखणं आणखी निराळं. बाळंतपणानंतर आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जायचं असतं. पण दिवाळीनंतर टोळी निघते, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, आणि वीस दिवसांची बाळंतीण ट्रॅक्टरवर बसून सांगली-कोल्हापूरकडं जाते. उरलेल्या भेटी कोण देणार? 26 आठवड्यांची रजा 2017 मध्ये कायद्यात आली. फडातल्या बाईला तीन दिवस घरी बसलं तरी खाडा. लेकरू पाचटावर नाहीतर झोळीत, आई चार सऱ्या पुढं, आणि छाती दाटून गाठी. अशा कितीजणी परत आल्यावर माझ्याकडं आल्या, लेकराचं वजन घटलेलं.

माझी मागणी एकच आहे. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक बाळंतपणाच्या वॉर्डात फक्त पाजण्याच्या मदतीसाठी दिवसा एक आणि रात्री एक शिकवलेली बाई नेमा. गावोगाव निवृत्त सिस्टर आहेत, जुन्या अंगणवाडीताई आहेत, त्यांना मानधन द्या. आणि टोळी जिथं उतरते तिथल्या आशाताईंना बाळंतिणींची नावं आधी कळवा, म्हणजे राहिलेल्या भेटी कोपीवर, त्यांच्या झोपडीवर जाऊन होतील.

तोवर आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही दवाखान्यानं बोलवावं. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी रिकामी असते, पैसे नकोत. खाटेजवळ एक स्टूल तेवढं ठेवा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. केज, जि. बीड