कटाक्ष डोळ्याचा, टोमणा जिभेचा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर 'विरोधकांच्या कारभारावर मंत्र्यांचा कटाक्ष' असा मथळा होता. मला वाटले, मंत्रिमहोदय कुठल्याशा कारभारावर बारीक नजर ठेवून आहेत. बातमी वाचली तेव्हा कळले, की त्यांनी सभेत विरोधकांची खिल्ली उडवली होती. एखाद्या वेळी झाले असते तर घाईत सुटले म्हणून सोडून दिले असते. पण 'कटाक्ष केला', 'कटाक्ष साधला' हे आता मथळ्यांत वरचेवर दिसू लागले आहे.

तरीही पत्र लिहायला बसले ती नातीमुळे. ती सातवीत आहे. तिच्या प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदीच्या रकान्यात वर्गशिक्षिकेने लिहिले होते, 'नीटनेटकेपणावर कटाक्ष असतो.' पोर घरी आली ती तोंड पाडूनच. "आजी, मी सगळ्या वह्यांना कव्हरं घालते, समास आखते, तरी बाईंनी टोमणा मारलाय." बाईंनी मनापासून केलेले कौतुक तिला अपमान वाटला. मी तीस वर्षे मराठी शिकवले. माझ्याच घरात एका शब्दाचा अर्थ असा उलटा झालेला पाहून फार वाईट वाटले.

कटाक्ष म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून टाकलेली नजर. अमरकोशात 'कटाक्षोऽपाङ्गदर्शने' असे स्पष्टच दिले आहे. अपांग म्हणजे डोळ्याचा बाहेरचा कोपरा. तिथून पाहणे तो कटाक्ष. मान वळत नाही, फक्त बुबुळ सरकते. आपल्या परंपरेने नजरेच्या दिशांचा किती बारकाईने विचार केला आहे, हे कुठल्याही भरतनाट्यमच्या वर्गात जाऊन बसले तरी कळेल. नात तीन वर्षे वर्गाला जाते. नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पणा'तले आठ दृष्टिभेद तिला तोंडपाठ आहेत: सम, आलोकित, साची, प्रलोकित, निमीलित, उल्लोकित, अनुवृत्त, अवलोकित. उल्लोकित वर पाहणारी, अवलोकित खाली पाहणारी. (कचेरीतल्या कागदावर 'अवलोकनार्थ सादर' असे लिहितात, त्यातला 'अव' हाच.) आणि साची म्हणजे तिरपी. बाणाने नेम धरताना, काही आठवताना, कुणाला खूण करताना, मिशीला हात लावताना ही दृष्टी वापरावी, असे तिथे सांगितले आहे.

मी तिला म्हटले, "साची करून दाखव बघू." तिने हनुवटी स्थिर धरली, भुवई जराही हलली नाही आणि दोन्ही बुबुळे सावकाश कोपऱ्यात गेली. मी म्हटले, "झाला की कटाक्ष!" ती बघतच राहिली. तीन वर्षे जी गोष्ट ती रोज करते, तिचे मराठीतले नाव तिला टोमणा म्हणून माहीत होते.

मग या तिरप्या नजरेचा मराठीत 'आग्रह' कसा झाला? माझ्यापुरते उत्तर मला आईकडे पाहून मिळाले आहे. आम्ही पाच भावंडे चुलीसमोर ओळीने जेवायला बसायचो. आई परातीत भाकरी थापत असायची. एक तव्यावर, एक निखाऱ्यावर फुगत असलेली, हात पिठात आणि डोळे तव्यावर. धाकट्याने कारल्याची फोड हळूच ताटाच्या कडेखाली सरकवली, की मान न वळवता ती म्हणायची, "उचल ती." पानात काही टाकायचे नाही, यावर आईचा कटाक्ष होता. समोरचे काम चालू असताना डोळ्याचा एक कोपरा जिथे कायम लागलेला असतो, तिथे माणसाचा आग्रह असतो. मराठीने नजरेच्या शब्दातून केवढे नेमके काढले! 'वेळ पाळण्यावर त्यांचा कटाक्ष असे', 'ती गोड खाणे कटाक्षाने टाळते' यांतला कटाक्ष दुसऱ्या कुठल्याही शब्दाने भरून निघत नाही. 'आग्रह' म्हटले की तोंडाने सांगणे आले, 'कटाक्ष' गप्प राहूनही असतो. देवीच्या कृपाकटाक्षातही बोलणे नाही, नुसते पाहणे आहे.

एखाद्यावर डूख धरणे, रोख ठेवणे या अर्थानेही हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी मी ऐकला आहे. म्हणजे त्याला कडवट छटा मुळीच नव्हती असे मी म्हणणार नाही. पण तो रोखही नजरेचाच. जिभेने मारलेल्या वाराला मराठी माणूस कटाक्ष म्हणत नसे.

हिंदीत 'कटाक्ष करना' म्हणजे उपरोधाने बोलणे, आणि त्या भाषेत ते अगदी बरोबर आहे. माझी तक्रार हिंदीबद्दल नाही. दोन्ही भाषांनी एकाच संस्कृत शब्दाला वेगवेगळ्या वाटेने नेले, असे कितीतरी शब्दांचे झाले आहे. हिंदीत 'शिक्षा' शाळेत मिळते, आपल्याकडे न्यायालयात. हिंदीतले 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती, आपले प्रयोगशाळेतले. 'शिक्षामंत्री' असे मराठी मथळ्यात कुणी लिहीत नाही, कारण चूक लगेच दिसते. कटाक्षाची चूक दिसत नाही. वाक्य मराठीच वाटते, अर्थ तेवढा हिंदी असतो. हिंदी मजकुरावरून घाईने बातमी उतरवताना हे होत असावे. रात्रपाळीला बसलेल्या उपसंपादकांचे हाल मी समजू शकते. पण मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेर जे मराठी वाचायला मिळते त्यात आपले पान मोठे आहे, आणि माझ्या नातीने हा अर्थ तिथूनच उचलला.

टोला, टोमणा, चिमटा, कोपरखळी, शालजोडीतला, खिल्ली, शेरेबाजी... जिभेच्या वारासाठी मराठीत शब्दांना तोटा नाही, आणि प्रत्येकाचा जोर वेगळा आहे. कोपरखळीने माणूस हसतो, टोमण्याने दुखावतो. या सगळ्यांच्या जागी सरसकट 'कटाक्ष' घातला, तर मंत्री नेमके काय बोलले हेही वाचकाला कळत नाही. मथळ्यात जागा कमी असते, हे ठाऊक आहे. 'टोला' दोन अक्षरांत बसतो, 'कटाक्ष'पेक्षा एकाने कमी. आपल्या मुद्रितशोधकांनी एवढा एक शब्द यापुढे तपासून घ्यावा, ही विनंती.

आपली नित्य वाचक,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, कराड