‘पोट मऊ, तर काळजी नको’ हे वाक्य मागे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत ज्येष्ठांच्या पानावर पोटदुखीवरचा लेख वाचला. ओवा, हिंग, रात्रीचं हलकं जेवण, इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. पण ‘पोट हाताला मऊ लागत असेल तर काळजीचं कारण नाही, सकाळपर्यंत वाट पाहावी’ हे छापताना तुमच्याकडे एकाही सर्जनला विचारावंसं वाटलं नाही? साठी उलटलेल्या वाचकाला हा सल्ला देणं जिवाशी खेळ आहे. हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही.

माझे थोरले बंधू बेस्टमधून निवृत्त झालेले. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. त्यामुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. दाढ काढायची म्हणून ती बंद केली गेली. पुन्हा कधी सुरू करायची हे दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि हृदयाच्या डॉक्टरांची पुढची तारीख लांबची होती. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एका रात्री जेवण झाल्यावर दादांच्या बेंबीभोवती एकाएकी कळ उठली. पलंगाची कड धरून ओणवे झाले, बनियन घामाने चिंब, लगोलग उलटी. जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पोट चारी बाजूंनी दाबून पाहिलं. मऊ. ‘काका, गॅस झालाय.’ अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन, पेनकिलर, सलाइन. वहिनी परत परत सांगत होत्या, यांना हार्टचा त्रास आहे, गोळी बंद आहे. तेव्हा ईसीजी काढला आणि ‘अ‍ॅटॅक नाही’ म्हणून विषय मिटवला. ठोक्यांची अनियमितता त्याच कागदावर दिसत होती. तिचा पोटाशी संबंध असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही. सोनोग्राफीवाले म्हणे सकाळी येणार.

पहाटे कळ कमी झाली. ‘बघा, औषध लागू पडलं.’ औषध लागू पडलं नव्हतं, आतडं मरत होतं. मरणाऱ्या आतड्याचं दुखणं मधे असं थोडं निवतं, हे आम्हाला नंतर कळलं.

लहान आतड्याचा बहुतेक भाग आणि मोठ्या आतड्याची उजवी बाजू एकाच धमनीवर जगते. सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी तिचं नाव. ती महाधमनीतून तिरकी खाली उतरते, त्यामुळे हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी तिच्यात सहज शिरते. रक्त अडलं की आतडं आतल्या अस्तरापासून मरायला लागतं, आणि ते बाहेरच्या आवरणापर्यंत पोचेतो पोट कडक होत नाही. म्हणजे दुखणं असह्य आणि पोट मऊ, हीच या आजाराची सुरुवातीची खूण. पोटातलं दुखणं तपासणीत सापडण्याच्या मानाने फार जास्त असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडलाय असंच समजा, असं वर्ल्ड सोसायटी ऑफ इमर्जन्सी सर्जरीने २०१७ सालीच सांगितलं आहे. तपासणी सीटी अँजिओग्राफीची, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनची, तीही ताबडतोब. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलंय म्हणूनही ती थांबवायची नाही. साध्या एक्स-रेवर आणि सोनोग्राफीवर विसंबून चालत नाही. उशीर झाला तर निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात.

दुपारी दादांचं पोट लाकडासारखं झालं तेव्हा आम्ही त्यांना पालिकेच्या रुग्णालयात हलवलं. तिथल्या तरुण निवासी डॉक्टरबाईंनी पोटाला हात लावण्याआधी नाडी पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘रक्त पातळ करायची गोळी मधे बंद होती का?’ त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण तोवर आतडं काळं पडलं होतं. लहान आतडं साधारण सहा मीटर असतं, दादांचं सव्वा मीटर उरलं. दोन मीटरच्या खाली गेलं की खाल्लेलं अंगी लागत नाही. कित्येक महिने शिरेतून पोषण द्यावं लागलं. बी-१२ची इंजेक्शनं आता जन्मभर, कारण ते शोषून घेणारा आतड्याचा शेवटचा भागच काढावा लागला. भेटायला येणारी माणसं प्रेमाने शहाळं आणतात आणि वहिनींना ते हात जोडून परत करावं लागतं. त्यात मीठ अगदी थोडं, पोटात गेलं की जुलाब वाढतात. साधं पाणीसुद्धा तहान लागली म्हणून पोटभर पिता येत नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं क्षार-साखरेचं पाणी, तेही घोटघोट.

म्हणून विनंती आहे, आणि ती आग्रहाची आहे. पुढच्या पुरवणीत त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापा. ठोके अनियमित असलेल्या किंवा पूर्वी कुठेही गुठळी झालेल्या माणसाला एकाएकी असह्य पोटदुखी झाली तर सकाळची वाट पाहू नका, सर्जन आणि सीटीची सोय असेल तिथेच थेट न्या, असं त्यात स्पष्ट लिहा. रक्त पातळ करणारी गोळी कोणीही थांबवायला सांगितली, तर ती परत कधी सुरू करायची हे त्याच वेळी लिहून घ्या, हेही टाका.

आणखी एक. ज्येष्ठांचं ते पान तुम्ही पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांत छापता. चष्मा लावूनही वाचता येत नाही. दुरुस्ती तरी पांढऱ्यावर काळी असू द्या.

आपली,
एक नियमित वाचक,
लालबाग, मुंबई