आठवण: रविवारची बैठक

सभासदहो,

येत्या रविवारी दुपारी ४ वाजता वाचनालयाच्या माडीवर सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’वर बोलायचं आहे. कादंबरी २००६ची. सज्ञान माणसांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८चा. हे ध्यानात ठेवून वाचा.

तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण दोघंही घरी राहायला आलेल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. तनयचा भाग घाईने उरकू नका. तो सगळा त्या निघून गेलेल्या माणसाशीच बोलतोय, कारण घरात बोलायची सोय नाही. त्याच माणसाबरोबर निघून गेलेली अनुजा परत आल्यावर घर तिच्याभोवती गोळा होतं. तनयचं काय बिनसलंय, हे कुणी विचारतही नाही. मला तरी तिथेच भरून आलं.

वाचनालयाची प्रत ज्यांच्याकडे अडकली आहे त्यांनी ती शुक्रवारपर्यंत द्यावी, रत्नागिरीबाहेरचे दोघं थांबलेत. गावातला कोण ‘तसा’ आहे, ही चर्चा बैठकीत चालणार नाही. पाऊस कितीही असो, बैठक होणार. लाईट गेली तर पडवीत बसू. चहा आहे, भजी ज्यांनी कबूल केली त्यांनी आणावीत.