सहलीची तारीख

पुणे, १८ सप्टेंबर २०२५

प्रिय बंड्या,

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर अंगठा टेकवून मोकळा झाला असतास, म्हणून कागद. आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा आहे तसाच.

तू नागपूरला पळालास आणि ऑफिसच्या सहलीचं खातं सरांनी माझ्या गळ्यात टाकलं.

इन्कम टॅक्स रिटर्नचं तुला ठाऊकच आहे. ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरवर गेली, आणि त्या रात्री बारा वाजता वाजता आणखी एक दिवस वाढला. तोवर ऑफिसातल्या काकांनी घरी जायला चप्पल घातली होती. बातमी ऐकून त्यांनी एक अक्षर न बोलता ती परत काढली. आर्टिकलची, म्हणजे सीए शिकणारी पोरं फिदीफिदी हसली, सरही हसले, आणि त्या भरात म्हणाले, "हे संपलं की कासला जाऊ. फुलं आहेत तोवर."

आता कधी जायचं ते सांग! शनिवारी २० तारीख, म्हणजे जीएसटीच्या थ्री-बी रिटर्नची मुदत. रविवारी सर्वपित्री अमावस्या, काका घरातून हलायचे नाहीत. सोमवारी घट बसतात. शिंदेताईंचे नऊ दिवस उपास, त्यात अनवाणी. पठारावरच्या चिखलात त्यांना चालवू? त्यातला रविवार २८, आणि ३० ला टॅक्स ऑडिटची मुदत. त्या दिवशी सहलीचं नाव काढलं तर सर मलाच ऑडिटला लावतील. उरला ५ ऑक्टोबर. तेव्हा फुलं किती असतील ते त्या पठारालाच माहीत. बरं, सुटीच्या दिवशी कासला आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं, त्यामुळे 'बघू, ठरवू' हा आपल्या ऑफिसचा बाणाही चालायचा नाही.

पोरांनी ही संधी साधली. त्यांना मुळशीकडचं रिसॉर्ट हवंय, रेन डान्सवालं. काकांनी विचारलं, "पाऊस फुकट पडत असताना?" तेव्हापासून दोन तट आहेत, डबेसुद्धा वेगवेगळ्या टेबलांवर उघडतात. शिंदेताई दोन्हीकडे लोणचं वाढतात आणि मत कुणालाच देत नाहीत.

ठोसेघरच्या वेळी तू सरांना सांगितलंस की काका तयार आहेत, आणि काकांना सांगितलंस की सरांचा फार आग्रह आहे. मला तेव्हाच कळलं होतं. बोललो नाही, तरी परतताना खंबाटकीच्या बोगद्यात माझ्या वाटणीचे कंदी पेढे तूच संपवलेस. नाही म्हणू नकोस, पुढच्या सीटवर तूच होतास. आणि हो, त्या अंताक्षरीत 'ठ'वरून तू म्हटलेलं गाणं जगात नाही. शोधलंय मी.

तर यंदा कुणाला काय थाप मारायची, ते सविस्तर लिही. माझ्या तोंडावर खोटं लगेच दिसतं, हे तुला आणि सरांना दोघांनाही माहीत आहे. पोरांसाठी वेगळी थाप लागेल, ती हुशार आहेत.

वहिनींना नमस्कार. छोटी रांगायला लागली का? फ्लॅटचं काय झालं? नवा साहेब बरा आहे ना? थोडक्यात कळव, थापांचं मात्र लांबलचक.

तुझा,
पिंट्या

ता. क. ट्रॅव्हलरवाला गेल्या वेळचे चारशे मागतोय. तू दिलेस म्हणालास, तो नाही म्हणतो. मी तुझा नंबर दिलाय.