लांब पँटचा कैदी

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, कंपनीची गाडी तुला दारातून उचलते आणि तुमच्याच मजल्यावरचा सफाईवाला पहाटे दोन मिनीबस बदलून येतो; लाज वाटते, गाडी नको म्हणून सांगणार आहेस. आई म्हणाली, नसता शहाणपणा नको. मी गप्प बसलो. ३३ वर्षं पोस्टात काढली, मला फोनपेक्षा कागदच बरा.

दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या वर्णभेदी राजवटीविरुद्ध लढलेले अहमद कथराडा हे नाव तुझ्या कानावरून गेलं असेल. जन्म १९२९ चा, श्वायझर-रेनेके गावातला, घर गुजराती दुकानदाराचं. गावात हिंदी, म्हणजे भारतीय वंशाच्या, मुलांसाठी शाळाच नव्हती, आणि गोऱ्यांच्या किंवा काळ्यांच्या शाळेत बसायला बंदी. म्हणून आठव्या वर्षी आईबापांना सोडून पोरगा तुझ्या जोहान्सबर्गला आला. १९४६ मध्ये, सतराव्या वर्षी, शाळा सोडून सत्याग्रहात, महिनाभर तुरुंग. १९६३ च्या जुलैत जोहान्सबर्गजवळच्या रिव्होनियाच्या शेतावर, चळवळीच्या लपायच्या जागी, पकडले गेले तेव्हा केस लाल रंगवून 'पेद्रो' नावाचे पोर्तुगीज बनलेले होते! पुढच्या जूनमध्ये नेल्सन मंडेला, वॉल्टर सिसुलू या चळवळीतल्या नेत्यांबरोबर जन्मठेप.

रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कपडे वाटले. सिसुलू पन्नाशी ओलांडलेले, मंडेला पंचेचाळिशीचे, त्यांना आखूड चड्ड्या. त्या घोळक्यात सगळ्यांत लहान चौतीस वर्षांचे कथराडा, त्यांना लांब पँट आणि पायमोजे. का, तर हिंदी म्हणून. जेवणातही तेच. काळ्या कैद्यांना साखर कमी आणि पाव मुळीच नाही, ह्यांना पाव. थंडीत बापाच्या वयाची माणसं उघड्या पोटऱ्यांनी उभी आणि आपण पँट घालून, कसं वाटलं असेल? त्यांना ती पँट नकोच होती. पण सोबतीच म्हणाले, नाकारू नकोस. बरोबरी मागायची ती खाली उतरून नाही. जे तुला मिळतं ते सगळ्यांना मिळालं पाहिजे. मग वर्षानुवर्षं त्यासाठी अर्ज, तक्रारी, उपोषणं.

सुरुवातीला सहा महिन्यांत एकच पत्र लिहायची मुभा, तेही ५०० शब्दांचं. पोस्टातल्या माणसाला हे वाचून काय होतं, तुला काय सांगू. आणि जवळजवळ वीस वर्षं लहान मूल जवळून पाहिलं नाही. सगळ्यांत जास्त तेच सलायचं म्हणे.

सुटले १५ ऑक्टोबर १९८९ ला, सव्वीस वर्षांनी. १९९४ मध्ये खासदार, राष्ट्राध्यक्ष मंडेलांचे संसदीय सल्लागार. एक मुदत झाली आणि १९९९ मध्ये बाजूला झाले. आपल्याकडे खुर्ची सोडताना माणसाचे हात थरथरतात, म्हणून मला हे फार आवडतं. पण गप्प बसले नाहीत. २०१६ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्ष झुमांना उघड पत्र लिहून पायउतार व्हायला सांगितलं. पुढच्या मार्चमध्ये ते गेले. अंत्यविधीला माजी राष्ट्राध्यक्ष मोटलांथेंनी त्याच पत्रातला उतारा वाचला, तेव्हा लोक उठून उभे राहिले.

गाडीचं काय करायचं ते तू बघ. तुझ्याशिवाय तिच्यात किती जागा रिकाम्या असतात, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

तुझे,
बाबा